ठुमरीच्या घरातून जॅझच्या मंचावर : त्रिलोक गुर्टू यांची सांगीतिक जडणघडण

प्रस्तावना

कलावंताच्या शिक्षणाचा विचार करताना सामान्यतः गुरूचे नाव, शिक्षणाचा कालावधी आणि मिळालेली पदवी या तीन गोष्टींची नोंद घेतली जाते. घरात दिवसरात्र जे कानावर पडत असते, ज्याची कोणी परीक्षा घेत नाही आणि ज्याचे प्रमाणपत्रही मिळत नाही, अशा संस्काराची नोंद मात्र क्वचितच होते. वस्तुतः पुष्कळदा कलावंताची दिशा याच संस्काराने ठरते. जॅझ या पाश्चात्त्य संगीतप्रकारात तालवादक म्हणून जागतिक कीर्ती मिळविलेले मुंबईचे त्रिलोक गुर्टू यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यांच्याविषयी लिहिताना बहुधा ‘भारतीय तबला आणि पाश्चात्त्य ड्रम यांचा संगम’ एवढाच उल्लेख केला जातो. हा संगम कोणत्या भूमीवर झाला, तो शक्य का झाला आणि त्यामागे कोणते शिक्षण होते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गुर्टू यांचे बालपण, शिक्षण आणि १९९० पर्यंतची कारकीर्द एवढीच या विवेचनाची मर्यादा आहे.

कौटुंबिक पार्श्वभूमी

त्रिलोक गुर्टू यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबई येथे झाला. ख्यातनाम ठुमरी गायिका शोभा गुर्टू या त्यांच्या मातोश्री होत. शोभाताईंचे माहेरचे नाव भानुमती शिरोडकर. त्यांचा जन्म १९२५ मध्ये बेळगाव येथे झाला. त्यांच्या आई मेनेकाबाई शिरोडकर या व्यावसायिक नर्तकी असून जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांनी गायनाची तालीम घेतली होती. शोभाताईंचे औपचारिक शिक्षण कोल्हापूर येथे अल्लादिया खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव उस्ताद भूर्जी खाँ यांच्याकडे सुरू झाले. पुढे उस्ताद नत्थन खाँ आणि उस्ताद घम्मन खाँ यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. यांपैकी घम्मन खाँ हे मेनेकाबाईंना ठुमरी-दादरा शिकविण्यासाठी या कुटुंबासमवेत मुंबईत वास्तव्यास आले होते. आईसाठी आलेली विद्या मुलीच्याही कानी पडली आणि तिच्याच आधारे शोभाताईंनी पुढे उपशास्त्रीय गायनात आपले स्थान निर्माण केले. १९८७ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २००२ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना प्राप्त झाले. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले.

सासरच्या बाजूसही संगीत होतेच. शोभाताईंचे श्वशुर पंडित नारायणनाथ गुर्टू हे बेळगाव येथे पोलीस खात्यात अधिकारी होते. ते विद्वान व सतारवादकही होते. अशा रीतीने काश्मिरी पंडितांचे घराणे आणि बेळगाव-कोल्हापूर परिसरातील गायनपरंपरा यांचा मिलाफ या कुटुंबात झाला होता.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. घराण्याचा इतिहास सांगताना अल्लादिया खाँ, भूर्जी खाँ, नत्थन खाँ, घम्मन खाँ अशी उस्तादांची नावे क्रमाने येतात. परंतु त्यांची विद्या एका पिढीतून दुसऱ्या पिढीत आणि अखेर तिसऱ्या पिढीपर्यंत घरात पोहोचविण्याचे कार्य मेनेकाबाई आणि शोभाताई या दोन स्त्रियांनी केले. त्रिलोक यांच्या हाती तबला आला तोही आईच्याच प्रोत्साहनाने. त्यांच्या शिक्षणाचा आरंभबिंदू शोधावयाचा झाल्यास तो या दोन पिढ्यांच्या गायनातच शोधावा लागतो.

तबल्याचे शिक्षण

त्रिलोक यांचे शालेय शिक्षण मुंबईतील माटुंगा येथील डॉन बॉस्को विद्यालयात झाले. तबल्याचे रीतसर शिक्षण त्यांनी शाह अब्दुल करीम यांच्याकडे घेतले. तबल्याच्या पारंपरिक शिक्षणाचे स्वरूप ध्यानात घेतल्याशिवाय पुढील वाटचालीचा उलगडा होत नाही.

तबल्याचा विद्यार्थी प्रथम बोल मुखाने म्हणावयास शिकतो. हाताने ताल धरून ‘पढंत’ करणे ही या शिक्षणाची पहिली पायरी होय. प्रत्येक आघाताला स्वतंत्र अक्षर असते. ‘ना’, ‘ता’ हे उजव्या हाताचे, ‘गे’, ‘के’ हे डग्ग्यावरील डाव्या हाताचे, तर ‘धा’, ‘धिं’ हे दोन्ही हातांचे संयुक्त आघात होत. त्यामुळे वाद्य हाती नसतानाही विद्यार्थी संपूर्ण रचना मनात बाळगू शकतो. ताल त्याच्या बोटांत उतरण्यापूर्वी वाणीत आणि स्मृतीत स्थिरावलेला असतो. पुढे पेशकार, कायदा, रेला अशा रचनांतून एका बीजवाक्याचा विस्तार कसा करावयाचा याचे शिक्षण मिळते. कायद्यात मूळ बोलांच्या मर्यादेत राहूनच पलटे बांधावयाचे असतात. नियमबद्धता आणि उत्स्फूर्तता यांचा हा दुहेरी अभ्यास पुढे जॅझसारख्या संगीतात किती उपयोगी पडू शकतो, हे सहज लक्षात येते.

गायनाच्या, विशेषतः ठुमरीच्या, साथीत याहून निराळ्या शिस्तीची गरज असते. ठुमरीत गायिका एकाच शब्दसमूहाला निरनिराळ्या स्वरांनी अर्थच्छटा देत जाते. यालाच ‘बोल बनाव’ असे म्हणतात. या काळात तबलावादकाने दीपचंदी किंवा जतसारखा ठेका संयमाने धरून ठेवावयाचा असतो. गायिकेने शब्द लांबविला, श्वास घेतला, समेवर येण्यास हेतुतः विलंब केला, तरी ठेक्याचा तोल ढळता कामा नये. नंतर उत्तरार्धात लय बदलते, ठेका बहुधा केरव्याच्या अंगाने जाऊ लागतो आणि तबलावादकाला ‘लग्गी’ वाजविण्याची मोकळीक मिळते. लग्गीत तो आपले कौशल्य मुक्तपणे प्रकट करतो आणि अखेरीस पुन्हा मूळ लयीत परततो. दीर्घकाळ ऐकणे, अल्पकाळ बोलणे आणि योग्य क्षणी परतणे हे या साथीचे सार आहे. ज्या घरात ठुमरी-दादरा हा आईच्या गायनाचा मुख्य प्रांत होता, त्या घरातील मुलाने तालवादकाचे कर्तव्य प्रथम याच स्वरूपात अनुभवले.

मुंबई आणि जॅझ

जॅझचा उगम विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात आफ्रिकी-अमेरिकी समाजात झाला. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ मध्ये निघाली. मुंबईला या संगीताची ओळख फार लवकर झाली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा संच ताजमहाल हॉटेलमध्ये वाजवू लागला. त्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कलावंतही येथे आले. या संगीताचा स्वीकार सर्वप्रथम गोमंतकीय वादकांनी केला. चर्चच्या संगीतशाळांतून स्वरलेखनाचे शिक्षण घेतलेले हे वादक रात्री हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात काम करीत. चिक चॉकलेट आणि फ्रँक फर्नांड ही त्यांतील ठळक नावे होत. पारशी समाजातील कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुर्जोर यांनीही पाश्चात्त्य तालवाद्ये चित्रपटसंगीतात रुजविली. १९५८ मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रूबेक आणि १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांनी आपल्या संचांसह भारताचा दौरा केला.

तथापि मुंबईतील जॅझ आणि हिंदुस्थानी संगीत यांची वर्तुळे बऱ्याच अंशी विभक्त होती. एकात स्वरलिपी, इंग्रजी भाषा आणि हॉटेलचे व्यासपीठ होते. दुसऱ्यात मौखिक तालीम आणि मैफल होती. त्रिलोक गुर्टू यांचे वैशिष्ट्य असे की, ते पहिल्या वर्तुळात वाढले नव्हते. तबल्याच्या पायावर उभे राहून १९७० च्या दशकात ते पाश्चात्त्य ड्रमसेटकडे वळले. हे शिक्षण मुख्यतः श्रवणातून झाले. १९९५ मध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्यावरील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी सांगितले की, पाश्चात्त्य संगीत प्रथम शिकताना ध्वनिमुद्रणात एकावर एक थर चढविले जातात याची त्यांना कल्पना नव्हती. त्यामुळे मुद्रिकेवर ऐकू येणारे अनेक भाग एकट्यानेच वाजवावयाचे असतात, असे समजून त्यांनी ते आत्मसात केले. हा प्रसंग केवळ गंमतीचा नाही. कानाने ऐकलेले सर्व काही हातात आणावयाचे, ही मौखिक परंपरेची सवय नव्या क्षेत्रातही कशी कार्यरत राहिली, हे त्यावरून दिसते.

ताल आणि स्विंग : साम्य व भेद

गुर्टू यांच्या वादनाचे मर्म समजण्यासाठी दोन्ही पद्धतींतील कालरचनेची तुलना उपयुक्त ठरेल. त्रितालाचे आवर्तन १६ मात्रांचे असून त्याचे प्रत्येकी ४ मात्रांचे ४ विभाग असतात. पहिल्या मात्रेवर सम आणि नवव्या मात्रेवर खाली येते. खालीच्या भागात डग्ग्याचा घुमारा कमी होतो. त्यामुळे आवर्तनातील आपले स्थान श्रोत्यालाही कळते. जॅझमधील असंख्य रचना ३२ खंडांच्या असतात. प्रत्येक खंडात ४ मात्रा धरल्यास एका फेरीत १२८ मात्रा होतात, म्हणजेच त्रितालाची ८ आवर्तने. या फेऱ्यांवर वादक क्रमाने उत्स्फूर्त विस्तार करतात. कित्येकदा एकल वादक आणि ड्रमवादक प्रत्येकी ४ खंड, म्हणजे १६ मात्रा, आळीपाळीने वाजवितात. हिंदुस्थानी संगीतातील सवाल-जवाबाशी याचे साम्य स्पष्ट आहे.

तिहाई हे दुसरे उदाहरण होय. ५ मात्रांचे एक वाक्य मध्ये १-१ मात्रेचा विराम ठेवून ३ वेळा वाजविल्यास एकूण १७ मात्रा होतात. अशी तिहाई समेवर सुरू केली तर तिचा शेवटचा आघात अचूक पुढील समेवर येतो. श्रोत्याच्या मनात ताण निर्माण करून तो नियोजित क्षणी सोडविण्याचे हे गणित जॅझच्या चौकटीतही लागू करता येते, कारण दोन्हीकडे आवर्तनाची जाणीव समान आहे.

भेदही तितकेच महत्त्वाचे आहेत. जॅझचा ‘स्विंग’ हा मात्रेच्या असमान विभागणीवर आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवरील जोरावर अवलंबून असतो. तो केवळ गणिताने साधत नाही. शिवाय ड्रमसेट हे चार अवयवांचे वाद्य आहे. लष्करी वाद्यवृंदात अनेक माणसे वाजवीत असलेले ढोल आणि झांजा एकाच वादकाच्या स्वाधीन करण्याच्या प्रयत्नातून ते घडले. १९०९ च्या सुमारास प्रचारात आलेल्या सुधारित पेडलमुळे मोठा ढोल पायाने वाजविणे सुलभ झाले. १९४० च्या आसपास केनी क्लार्क यांनी लय धरण्याचे काम मोठ्या ढोलाकडून झांजेकडे नेले, तेव्हापासून ड्रमवादकाचे उरलेले अवयव संवादासाठी मोकळे झाले. तबल्यात बोटांचे सूक्ष्म कार्य आणि डग्ग्यावरील मिंड यांना प्राधान्य असते, तर पाय पूर्णतः निष्क्रिय असतात. तबलावादकाला ड्रमसेटकडे वळताना आपल्या संपूर्ण देहाचे पुनर्शिक्षण करावे लागते.

या अडचणीतून गुर्टू यांनी स्वतःचा मार्ग काढला. ड्रमवादकाचे उंच आसन त्यांनी वर्ज्य केले आणि जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून वाजविण्याची पद्धत स्वीकारली. तबला, ड्रम, झांजा आणि अन्य तालवाद्ये त्यांनी आपल्या भोवती हाताच्या टप्प्यात रचली. वाजती झांज किंवा शिंपल्यांची माळ पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून तिचा नाद वाकविणे हीदेखील त्यांच्या वादनातील प्रसिद्ध क्लृप्ती होय. डग्ग्यावर मनगटाच्या दाबाने नाद वर-खाली नेणाऱ्या कलावंताला धातूच्या स्थिर नादातही मिंड हवीशी वाटावी, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. मैफलीची बैठक न सोडता त्यांनी नवे वाद्य आपल्या बैठकीपर्यंत आणले.

प्रारंभीची कारकीर्द

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुर्टू युरोपमधील संगीतक्षेत्रात कार्यरत झाले. पुढे जर्मनीतील हॅम्बुर्ग हे त्यांचे दीर्घकालीन निवासस्थान ठरले. या काळात सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो व जॉन चिकाई आणि कर्णावादक डॉन चेरी यांच्यासमवेत त्यांनी वादन केले. १९७८ मध्ये बासवादक बार फिलिप्स यांच्या ‘थ्री डे मून’ या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांनी नॉर्वेचे गिटारवादक टेर्ये रिपदाल यांच्यासह साथ केली. १९८५ मध्ये प्रकाशित झालेल्या व्हायोलिनवादक एल. शंकर यांच्या ‘साँग फॉर एव्हरीवन’ या मुद्रिकेत ते आणि उस्ताद झाकिर हुसेन दोघेही आहेत. १९५१ मध्येच मुंबईत जन्मलेल्या या दोन तालवादकांचे मार्ग भिन्न होते. झाकिर हुसेन यांनी तबला हेच मुख्य वाद्य ठेवून जगातील संगीताशी संवाद साधला, तर गुर्टू यांनी ड्रमसेटलाच तबल्याची भाषा शिकविली.

८ नोव्हेंबर १९८४ रोजी ‘ओरेगॉन’ या अमेरिकी संचाचे तालवादक कॉलिन वॉलकॉट यांचा तत्कालीन पूर्व जर्मनीत रस्ता अपघातात मृत्यू झाला. वॉलकॉट यांनी पंडित रविशंकर यांच्याकडे सतार आणि उस्ताद अल्लारखा यांच्याकडे तबला शिकला होता. त्यांच्या जागी पुढे गुर्टू यांची निवड झाली. पाश्चात्त्य तालवाद्यांकडून तबल्याकडे आलेल्या कलावंताचे स्थान तबल्याकडून पाश्चात्त्य तालवाद्यांकडे गेलेल्या कलावंताने घेतले. या संचासमवेत १९८७ ते १९९१ या काळात त्यांच्या ३ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्या.

‘शक्ती’ या संचामुळे भारतीय संगीताशी दृढ नाते जोडलेले गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्रयी स्थापन केली, तेव्हा तालवादक म्हणून गुर्टू यांना स्थान दिले. नोव्हेंबर १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या या त्रयीच्या मैफलीची मुद्रिका १९९० मध्ये निघाली. त्यात काई एकहार्ट हे बासवादक आहेत. मॅक्लॉफ्लिन आणि गुर्टू मंचावर तालाचे बोल मुखाने उच्चारून परस्परांना उत्तरे देत. तबल्याच्या शिक्षणातील पढंत ही पहिली पायरी युरोपीय श्रोत्यांपुढे स्वतंत्र कला म्हणून प्रकट झाली.

तत्पूर्वी १९८८ मध्ये ‘उसफ्रेट’ ही गुर्टू यांची स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली होती. राल्फ टाउनर, डॉन चेरी व एल. शंकर या सहकाऱ्यांबरोबरच तीत शोभा गुर्टू यांचे गायन आहे. आपल्या स्वतंत्र कलाजीवनाच्या आरंभी या कलावंताने आईचा आवाज मध्यभागी आणावा, ही घटना केवळ कौटुंबिक जिव्हाळ्याची द्योतक नाही. त्या गायनाला ड्रम, गिटार आणि कर्णा यांची साथ असली तरी तालवादकाची भूमिका तीच आहे : गायिकेला अवकाश देणे, ऐकणे आणि योग्य क्षणी बोलणे. पुढे ‘डाउनबीट’ या अमेरिकी जॅझ नियतकालिकाच्या समीक्षकांच्या कौलात १९९४ पासून त्यांची अनेकदा सर्वोत्तम तालवादक म्हणून निवड झाली.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार

या वाटचालीतून महाविद्यालयीन शिक्षकांसाठी काही विचारणीय मुद्दे निष्पन्न होतात. पहिला मुद्दा असा की, एखाद्या परंपरेतील सखोल शिक्षण दुसऱ्या परंपरेच्या आड येत नाही. उलट, तेच दुसऱ्या परंपरेत प्रवेश करण्याचे साधन ठरू शकते. गुर्टू यांनी जॅझसाठी तबला सोडला असता, तर जॅझला त्यांच्याकडून नवे असे फारसे काही मिळाले नसते.

दुसरा मुद्दा श्रवणाचा आहे. स्वरलिपी आणि ग्रंथ यांचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु पढंत, अनुकरण आणि साथ या मार्गांनी मिळणाऱ्या ज्ञानाला अभ्यासक्रमात बहुधा गौण स्थान मिळते. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याने किती कायदे वाजविले हे मोजले जाते. त्याने दुसऱ्याचे किती ऐकले हे मोजण्याची सोय नसते. साथीचे कौशल्य हे ऐकण्याचेच कौशल्य असल्याने त्यास स्वतंत्र गुण असावेत काय, याचा विचार संगीताच्या अध्यापकांनी अवश्य करावा.

तिसरा मुद्दा विद्यार्थ्यांच्या घरच्या संस्काराचा आहे. वाशीम जिल्ह्यासारख्या भागात संगीताची मोठी विद्यालये नाहीत, म्हणून येथील विद्यार्थी संगीतदृष्ट्या कोरे आहेत असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. मंगरूळपीर परिसरातील एखादा विद्यार्थी भजनी मंडळातील मृदंग ऐकत वाढलेला असतो. एखाद्याच्या कानावर कव्वालीतील ढोलक असते. बंजारा तांड्यावरील विद्यार्थ्याने नंगाऱ्याचा ताल लहानपणापासून अंगात मुरविलेला असतो. पोहरादेवी येथे २०२४ मध्ये उद्‌घाटन झालेल्या बंजारा विरासत संग्रहालयामुळे या परंपरेला औपचारिक मान्यता लाभली आहे. मात्र वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या कानात ती परंपरा जिवंत आहे, याची जाणीव शिक्षकालाच ठेवावी लागेल. तो ताल हातावर धरून मोजावयास लावणे, त्यास बोल देणे आणि त्याची अन्य तालांशी तुलना करणे यासाठी कोणत्याही खर्चिक साधनाची आवश्यकता नाही.

समारोप

त्रिलोक गुर्टू यांच्या जडणघडणीत आजीने मिळविलेली आणि आईने जोपासलेली गायनविद्या, शाह अब्दुल करीम यांची तबल्याची तालीम, मुंबईसारख्या शहरात कानी पडणारे पाश्चात्त्य संगीत आणि युरोपमधील सहकाऱ्यांचा सहवास हे चार घटक दिसून येतात. यांपैकी शेवटचे तीन घटक चरित्रात्मक टिपणांत सहज नोंदविले जातात. पहिला घटक मात्र ‘संगीताचे वातावरण’ अशा एका शब्दप्रयोगात संपविला जातो. प्रत्यक्षात ते वातावरण हेच एक काटेकोर शिक्षण होते. त्यात आवर्तनाचे भान होते, संयम होता आणि दुसऱ्याच्या अभिव्यक्तीस अवकाश देण्याची शिस्त होती. जॅझ वादकाकडून हेच गुण अपेक्षिले जातात. त्यामुळे शिक्षणसंस्थांनी कलावंताचे मूल्यमापन करताना त्याच्या पदव्यांइतकाच त्याच्या श्रवणाचा इतिहासही जाणून घेणे अगत्याचे ठरते.